एका कोयत्याचं बाळंतपण

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, माणसाला नाही. त्यामुळे बाई गरोदर असली तरी कोयता अर्धा पडू नये म्हणून ती फडात येतेच. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आसपास दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या उतरतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, की चार-पाच दिवसांत पाचटाच्या कोप्या मोडून निघून जातात. मी इथल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, समुपदेशक आहे. पुढचं प्रकरण एकाच बाईचं जसंच्या तसं नाही. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील एकत्र केले आहेत, गावं गाळली आहेत, वर्ष सांगितलेलं नाही. तिला मंगल म्हणू.

मंगल २३ वर्षांची, दुसरं गरोदरपण. पहिला मुलगा ४ वर्षांचा, गावी आईकडे ठेवलेला. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या सिस्टर टोळीच्या तळावर गरोदर बायका तपासायला गेल्या, तेव्हा तिला २६ आठवडे झाले होते. तिच्याजवळ गावच्या उपकेंद्राचं माता-बाल संरक्षण कार्ड होतं. नोंदणी तिसऱ्या महिन्यातच झालेली, धनुर्वाताची सुई घेतलेली. एचआयव्हीचा रकाना मात्र कोरा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली प्राथमिक चाचणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे लागणीचा संशय. सिस्टरनी तळावर काही सांगितलं नाही, “रक्त कमी आहे, दवाखान्यात पुन्हा बघू” एवढंच म्हणाल्या. आणि ते खरंही होतं, हिमोग्लोबिन ८.४ होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तीन वेगवेगळ्या किटवर चाचणी झाली. तिन्ही रिॲक्टिव्ह. सिफिलिसची चाचणी नकारात्मक, क्षयाची लक्षणं नाहीत. निकाल सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं ते एकच: “लेकराला होईल का?”

या प्रश्नाला मी नेहमी आकड्यानं उत्तर देते, कारण ‘काळजी करू नका’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही. काहीच उपचार घेतले नाहीत तर शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना पोटात, बाळंत होताना किंवा दुधातून लागण होते. आईनं गोळ्या नेमानं घेतल्या आणि बाळाला औषध दिलं तर तोच आकडा पाचाच्या खाली येतो. आईच्या रक्तातले विषाणू मोजण्याइतकेही उरले नाहीत तर त्याहूनही खाली. मी या कामात आले तेव्हा असं सांगता येत नव्हतं. २००२ साली देशात हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा, एवढंच हातात होतं. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला, तिची प्रतिकारशक्ती कितीही चांगली असो, आयुष्यभराची एआरटी, म्हणजे एचआयव्हीचे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू करायचं ठरलं. आता टीएलडी मिळते, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्युडीन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही मिळून दिवसाला एक गोळी. विषाणू इतक्या वेगानं खाली आणणारं औषध उशिरा सापडलेल्या गरोदर बाईसाठी मोठाच आधार असतो.

२७ व्या आठवड्यात, जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात तिची टीएलडी सुरू झाली. पुढच्या गोळ्या आमच्याच आवारातल्या लिंक एआरटी केंद्रातून घ्यायची सोय केली, कारण जिल्ह्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. दिवस मोडला की टोळीत त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि त्यांच्या मुकादमाकडे एका खाड्याला पाचशे रुपये उचलीत चढायचे. दवाखाना फुकट असतो, असं आम्ही किती सहज म्हणतो!

घरात कुणाला सांगायचं, यावर दोन बैठका झाल्या. नवऱ्याला सांगायला ती तयार झाली, सासूला नाही. सासू त्याच कोपीत राहायची. कुणाला सांगायचं, हा तिचा अधिकार आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तिच्या संमतीशिवाय मला सासूला सांगता येत नाही, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. नवरा पहिल्यांदा ऐकून उठूनच गेला. चाचणी आधी बायकोची होते, म्हणून घरात दोषही आधी तिलाच चिकटतो; हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता निकाल सांगतानाच त्याची तयारी करून घेते. चार वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातला तिचा रिपोर्ट नकारात्मक होता. तो कागद तिनं पेटीत जपून ठेवला होता आणि नवऱ्यापुढे काढून ठेवला. तीन आठवड्यांनी कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली, त्या दिवशी तो स्वतःहून चाचणीला आला. पॉझिटिव्ह. तो दिवस निवडण्यामागे पश्चात्ताप होता की बिनखाड्याची सोय, हे मी विचारलं नाही. गोळ्या त्यालाही सुरू झाल्या.

महिन्याच्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत येतात. कोपी म्हणजे पाचट आणि बांबू. ना कडी, ना कोनाडा. मंगलनं डबीवरचं लेबल खरवडून काढलं होतं, पण चालताना डबी वाजायची. मग तिनं आत जुन्या साडीचा बोळा कोंबला. डबी मुकी झाली आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी गेली.

चोख हिशेब आणि १,८४० चा आकडा

दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतो. मंगलचा हिशेब एका गोळीनंही चुकला नव्हता. मी तिचं कौतुक केलं, रजिस्टरात शंभर टक्के लिहिलं. ३३ व्या आठवड्यात व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातले विषाणू मोजायला, रक्त पाठवलं. आई एआरटीवर कितीही दिवसांची असो, ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी करायचीच असते, कारण बाळाला जन्मल्यावर कोणतं औषध द्यायचं ते तिच्यावर ठरतं. सहा आठवड्यांच्या डोल्युटेग्राविरनंतर आकडा दोनशेच्या आत असेल अशी माझी अपेक्षा होती. आला १,८४०.

गोळी चुकवत नाही आणि विषाणू उतरत नाहीत, तेव्हा पहिला संशय नेहमी रुग्णावर घेतला जातो. गोळ्या फेकून डबी रिकामी दाखवणारे असतात, नाही असं नाही. पण मी तिला म्हटलं, “तू गोळी घेतेस कशी, ते मला करून दाखव.”

तिनं पिशवीतून सगळं काढलं आणि टेबलावर मांडलं. “पहाटे चारला उठते, मॅडम. चूल पेटायच्या आधीच घेते, मग इसरत नाही.” तिनं डाव्या तळहातावर टीएलडीची एक गोळी ठेवली, शेजारी लोहाची एक, शेजारी कॅल्शियमची एक. मूठ मिटली, तोंडाकडे नेली आणि तांब्याभर पाणी प्यायचा अभिनय केला. तिन्ही एकदम, उपाशीपोटी.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीवर ‘रोज सकाळी एक गोळी’ असं लिहिलेलं होतं. लोहाच्या गोळ्या सिस्टरनी दिल्या, कॅल्शियम औषधाच्या खिडकीतून मिळालं, टीएलडी माझ्या समोरच्या खोलीतून. तीन खिडक्या, आणि तिन्हीकडे ‘सकाळी’. पोटात अन्न नसताना लोह आणि कॅल्शियम आतड्यात डोल्युटेग्राविरला बांधून टाकतात. ते रक्तात पुरेसं उतरतच नाही. जेवणाबरोबर घेतलं तर अडचण येत नाही. नाहीतर या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यायची. हे मला माहीत होतं, प्रशिक्षणात ऐकलेलं होतं. पण तिची सकाळ पहाटे चारला, चूल पेटण्याआधी होते, हे मी विचारलेलं नव्हतं. माझी सकाळ चहा-पोह्यांची.

नवीन वेळापत्रक घड्याळावर न लावता तिच्या दिवसावर लावलं. कॅल्शियम फडातल्या न्याहारीला. लोह दुपारची भाकरी खाताना. ती गोळी नवऱ्याच्या डब्याच्या झाकणात ठेवायची. टीएलडी रात्री जेवून, निजायच्या आधी. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून पुढचंही ठरवलं. लोड हजाराच्या वर असल्यामुळे बाळ जास्त जोखमीचं धरायचं. म्हणजे जन्मल्यावर नेव्हिरॅपिन आणि झिडोव्युडीन अशी दोन पातळ औषधं, आणि आई अंगावर पाजणार असेल तर ती १२ आठवडे. जोखीम कमी असती तर नुसतं नेव्हिरॅपिन सहा आठवडे पुरलं असतं. दोन्ही बाटल्या आणि मात्रेचा कागद त्याच आठवड्यात प्रसूतिगृहाच्या कपाटात ठेवला. रात्री दोनला औषधाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, हे शोधत बसण्याची वेळ आमच्यावर एकदा येऊन गेलेली आहे.

पाजायचं काय, यावरही तेव्हाच बोललो. वरच्या दुधात एचआयव्ही नसतो हे खरं, पण टँकरचं पाणी, चुलीवर दर वेळी बाटली उकळणं, आणि पावडरच्या डब्याची किंमत, हे सगळं त्या कोपीत बसवून पाहिल्यावर प्रश्न उरत नाही. जुलाबानं बाळ जाण्याची भीती मोठी. सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न सुरू करून वर्षापर्यंत पाजायचं, असं ठरलं.

पाणी गेल्यानंतरचे पाच तास

३७ आठवडे पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. रात्री अकराला कोपीत पाणी गेलं. मुकादमाच्या जीपमधून नवऱ्यानं तिला रस्त्यावरच्या जवळच्या खासगी प्रसूतिगृहात नेलं. तिथे फाईल पाहिली, दहा मिनिटांनी कुणीतरी बाहेर येऊन सांगितलं, “आमच्याकडे सोय नाही, सरकारीत न्या.” तोवर जीप परत गेली होती. १०८ यायला वेळ लागला. ती आमच्याकडे पोचली तेव्हा चार वाजून गेले होते.

‘सोय नाही’ म्हणजे काय नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. हातमोजे, ॲप्रन, डोळ्यांवर चष्मा, सुया टाकायचा डबा, सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. याहून वेगळं आम्हीही काही वापरलं नाही, आणि हे सगळं प्रत्येक बाळंतपणाला लागतंच, कारण समोरच्या बाईचा रिपोर्ट हातात असतोच असं नाही. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं १० सप्टेंबर २०१८ पासून कायद्यानं बंद आहे. विषाणू पुरते दबलेले नसताना पाणी जाऊन जितका वेळ जातो तितकी बाळाची जोखीम वाढते, हे त्या दहा मिनिटांत बाहेर येऊन बोलणाऱ्याला ठाऊक असणारच.

सिझेरियन का नाही, असं नवऱ्यानं विचारलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आपल्याकडे नुसत्या एचआयव्हीसाठी पोट फाडत नाहीत, अडलेली असेल तरच. आणि मंगलचं गर्भाशयाचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलेलं होतं. रात्रपाळीच्या सिस्टर जुन्या. त्यांनी आतून तपासणी मोजकीच केली. काप घेतला नाही, चिमटा लावला नाही. नाळ कापताना वर गॉज धरला, म्हणजे रक्ताची चिळकांडी उडत नाही. आणि नाळेतलं रक्त बाळाकडे पिळून ढकललं नाही. नव्या आयानं मंगलच्या फाईलवर लाल पेनानं मोठ्ठा गोल काढून ठेवला होता. सिस्टरनी काही न बोलता फाईलचं कव्हर काढलं आणि नवं घातलं.

५ वाजून ३५ मिनिटांनी मुलगी झाली, वजन २,३०० ग्रॅम. पहिल्या तासात अंगावर घेतली, त्याच तासात दोन्ही औषधांची पहिली मात्रा गेली. नेव्हिरॅपिन दिवसातून एकदा १ मिली, झिडोव्युडीन दोन वेळा १ मिली. २ ते अडीच किलोच्या बाळाला सुरुवातीला एवढंच.

सहाण

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर सासूबाई खाटेखाली बसून सहाणेवर काहीतरी उगाळत होत्या. शेजारी फडक्यात वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, अर्धी खारीक. बाळगुटी. एवढी दगडी सहाण त्यांनी बीडहून इथवर वाहून आणली होती.

अंगावरच्या दुधाबरोबर पहिल्या सहा महिन्यांत दुसरं काहीही, मग ते गाईचं दूध असो, पाणी, मध किंवा गुटी, पोटात गेलं की बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते. म्हणून बाधित आईच्या बाळाला ‘थोडं हे, थोडं ते’ हा प्रकार सगळ्यात वाईट. पण हे कारण सासूबाईंना सांगता येणार नव्हतं. मंगल माझ्याकडे बघत होती.

“मावशी, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही द्यायचं. पाणीसुद्धा नाही.”

“गुटी न्हाई दिली तर पोट कसं धरंल लेकराचं? माझी पाच पोरं गुटीवरच वाढली.”

“वाढली, खरं आहे. पण हे लेकरू सव्वादोन किलोचं आहे. आणि हे मी सगळ्यांनाच सांगते, त्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईलाही सांगितलंय. विचारा तिला.”

त्यांनी खरंच विचारलं. पलीकडची म्हणाली, “व्हय, मलाबी तेच सांगितलं.” मला खोटं बोलावं लागलं नाही, सहा महिने निव्वळ आईचं दूध हा सल्ला प्रत्येक बाळाला आहे. पण सहाणेवरचा हात थांबला तरी तो रिकामा राहणार नव्हता, हे दिसत होतं. मी मंगलला बाजूला घेऊन विचारलं, औषधाची जबाबदारी सासूकडे देऊ का? ती क्षणभर घाबरली, मग हो म्हणाली. मी सासूबाईंना ड्रॉपर दाखवला. १ मिलीच्या रेघेवर लाल दोरा बांधला. “आजार लागू नये म्हणून हे औषध, बारा आठवडे. मंगल फडात गेली की चुकेल. तुम्ही द्याल?” त्यांनी ड्रॉपर उजेडात धरून रेघ पाहिली. “ही डाक्टरची गुटी म्हणा की,” त्या म्हणाल्या, आणि सहाण फडक्यात बांधली.

त्यांना कळलं होतं का? लेबल नसलेली डबी, मुलाचीही तशीच डबी, दोघांच्या दवाखान्याच्या फेऱ्या. अशा बायकांना बहुधा कळलेलं असतं. मी विचारलं नाही, त्यांनीही नाही.

सव्वा महिना वगैरे काही झाला नाही. सतराव्या दिवशी मंगल मोळ्या बांधायला गेली. तीन तास फडात आणि बाळ कोपीत, असं झालं असतं तर सासूनं शेळीचं दूध पाजलंच असतं. भुकेलं लेकरू कोण रडत ठेवील? म्हणून बाळ फडात न्यायचं ठरलं. बैलगाडीच्या खाली झोळी, वर पाचटाची सावली. औषधाची एक वेळ मात्र पहाटेची ठेवली आणि ती सासूबाईंनी एकदाही चुकवली नाही.

बीडकडे

मार्चअखेर पट्टा पडला. बाळ पाच आठवड्यांचं. सगळ्यात जास्त बाळं आमच्या हातून निसटतात ती इथे, वैद्यकीय चुकीनं नव्हे. मंगलची उपचारांची हिरवी पुस्तिका, ट्रान्सफरचा कागद, दोन्ही पातळ औषधांच्या उरलेल्या आठवड्यांच्या बाटल्या, दोघांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या, असं एका पिशवीत घालून दिलं. कागदावर भरवसा नव्हता, म्हणून बीडकडच्या केंद्रातल्या समुपदेशकाला फोन केला आणि तो फोन मंगलच्या हातात दिला. दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला. इतकं साधं काम, पण पूर्वी मी ते करत नसे; ट्रान्सफर आऊट लिहिलं की माझ्या रजिस्टरातून नाव जायचं.

सहाव्या आठवड्यात बाळाची पहिली तपासणी असते. ती चुकली. लग्नसराई, मंगल माहेरी भावाच्या लग्नाला. बीडच्या समुपदेशकानं आशाताईंना एचआयव्हीबद्दल अवाक्षर न काढता एवढंच विचारलं की दीड महिन्याच्या लसीचं अमुक बाळ राहिलंय का. नवव्या आठवड्यात लस आणि तपासणी एकाच दिवशी झाली. टाचेला टोचून जाड कागदावरच्या पाच वर्तुळांत एकेक थेंब, कागद आडवा ठेवून वाळवायचा, ऊन नको, पंख्याचा झोत नको. मग सिलिकाच्या पुड्या घालून पाकीट बंद करून प्रयोगशाळेत. सोबत इतर जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमोक्झाझोल सुरू झालं, तेही तीन आठवडे उशिरा.

निकाल जूनमध्ये आला: विषाणू आढळला नाही. त्याच महिन्यात मंगलचा व्हायरल लोडही मोजण्याच्या रेषेखाली गेला. थोरल्या मुलाची चाचणी तिनं स्वतः करून घेतली, तो नकारात्मक. बाळाची सहा महिन्यांची तपासणी बीडला झाली, वर्षाची पुढच्या हंगामात माझ्यापुढे. दोन्ही नीट. वर्षाला अंगावरचं सोडलं.

अठराव्या महिन्यातली शेवटची चाचणी सप्टेंबरात होती. आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या रक्तातून गेलेली असतात, म्हणून तिन्ही किट वापरून तेव्हाच अंतिम निकाल देतात. बीडहून मोबाइलवर तीन पट्ट्यांचा फोटो आला. तिन्हींवर फक्त वरची, नियंत्रणाची रेघ. म्हणजे लागण नाही.

नोव्हेंबरात टोळी उतरली तेव्हा मंगल मुलीला घेऊन आली. मुलगी माझ्या टेबलाचा खण उघडू पाहत होती. सासूबाई या वेळी आल्या नव्हत्या, गुडघे गेलेत म्हणून. नवरा दारातच उभा होता. त्याच्या पुस्तिकेत जुलैनंतर एकही शिक्का नव्हता. गावी मित्रांपुढे डबी काढता येत नाही, म्हणाला. आणि वाजते फार. मंगल काही बोलली नाही. तिनं पिशवीतून फडक्याचा एक बोळा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी त्याच्या नावाचा नवा कागद घेतला आणि विचारलं, “तुम्ही सकाळी किती वाजता उठता?”